पहिली नजर, पक्के मत : मोटारीच्या बाजारातून व्यापाऱ्याने घ्यावयाचा धडा

व्यापारी मनुष्य स्वतःला हिशेबी समजतो आणि बहुतेक वेळा तो असतोही. कापडाचे ठाण घेताना तो पन्हा मोजतो, ताणा-बाणा उजेडात धरून पाहतो, कोपरा ओला करून रंग उतरतो का ते तपासतो, आणि वारामागे दोन रुपयांच्या फरकासाठी चार पेढ्या फिरतो. पण हाच मनुष्य दोन-तीन लाखांची मोटार किंवा टेम्पो घ्यायला निघाला की दहा मिनिटांत निकाल देऊन मोकळा होतो. "गाडी एकदम झकास आहे," किंवा "त्या कंपनीचे नावच काढू नका." हे मत कोठून आले, असे विचारले तर त्याला नीट सांगता येत नाही.

आमच्या तुळिंजमध्ये हा प्रश्न रोजच्या पोटापाण्याचा आहे. नालासोपारा पूर्वेच्या गाळ्यांतून शिलाईचा माल, बॅगा, फर्निचर, इमिटेशन दागिने असा नाना प्रकारचा माल बाहेर पडतो. धंदा थोडा वाढला की कारागीर भाड्याचा टेम्पो सोडून स्वतःचे वाहन घेण्याचा विचार करतो. त्यासाठी घरातील शिल्लक, भिशीची रक्कम, कधी बायकोचे दागिने बाहेर निघतात. ही रक्कम पहिल्या नजरेच्या भरवशावर टाकायची का, एवढाच या लेखाचा विषय आहे. मोटारींच्या बाजारात याची मोठी उदाहरणे घडून गेली आहेत. त्यांतील बरीचशी आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहेत, म्हणून ती समजून घेणे सोपे जाईल.

ठसा कसा बसतो?

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. सैन्यातील अधिकाऱ्यांना आपल्या हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांवर स्वतंत्र गुण द्यायला सांगितले होते. पण ज्याला एका बाबतीत जास्त गुण, त्याला इतर बाबतींतही जास्त, असेच होत गेले. अधिकाऱ्यांच्या मनात त्या माणसाविषयी एक सर्वसाधारण मत आधीच तयार होते आणि तेच सगळ्या रकान्यांत उतरत होते. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. भाताच्या बाबतीत ती बरोबर ठरते, कारण सगळी शिते एकाच पातेल्यात शिजलेली असतात. मोटारीचा रंग आणि मोटारीचा गिअरबॉक्स एका पातेल्यात शिजत नाहीत.

१९४६ साली सॉलोमन अ‍ॅश यांनी दुसरी गोष्ट दाखवली. एका माणसाचे वर्णन त्यांनी सहा शब्दांत केले : हुशार, कष्टाळू, उतावळा, टीका करणारा, हट्टी, मत्सरी. काही लोकांना हे शब्द याच क्रमाने ऐकवले, काहींना उलट्या क्रमाने. शब्द तेच होते, तरी ज्यांनी 'हुशार' आधी ऐकले त्यांचे त्या माणसाविषयीचे मत बरे झाले. ज्यांनी 'मत्सरी' आधी ऐकले त्यांना तोच माणूस नकोसा वाटला. पहिला शब्द पुढच्या सर्व शब्दांना आपला रंग देतो. आमच्या कापडाच्या भाषेत सांगायचे तर पहिला डाग पक्क्या रंगाचा असतो.

मोटार बनवणारे हे चांगले ओळखून आहेत. दुकानात आलेला गिऱ्हाईक प्रथम काय करतो? दार उघडतो आणि लावतो. म्हणून दार लावताना 'खडखड' न येता भारदस्त 'धप्प' असा आवाज यावा, यासाठी अभियंते मुद्दाम मेहनत घेतात. त्या आवाजाचा इंजिनाच्या आयुष्याशी काही संबंध नाही. कापडाला भरपूर कांजी देऊन जी कडक चमक आणतात, तशातलाच हा प्रकार. कांजी पहिल्या धुण्यात उतरते, पण तोपर्यंत सौदा होऊन गेलेला असतो.

'एक लाख' हा आकडा

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या मोटार प्रदर्शनात रतन टाटा यांनी नॅनो मोटार जगापुढे ठेवली. पुण्याच्या अभियंत्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले होते. ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागच्या बाजूला बसवले होते. गाडी लांबीने मारुती ८०० पेक्षा आखूड, पण आत जागा अधिक. एका स्कूटरवर नवरा, बायको आणि मुले दाटीवाटीने बसलेली पाहून ही कल्पना सुचली, असे टाटा सांगत असत. हेतू चांगला होता आणि कारागिरीही हुशारीची होती.

पण लोकांनी गाडी पाहण्यापूर्वी एक आकडा ऐकला : एक लाख रुपये. तो कर व वाहतूक सोडून कारखान्यातील भाव होता. वर्तमानपत्रांत मात्र 'जगातील सर्वांत स्वस्त मोटार' हेच शब्द छापून आले. सुरुवातीला त्याचा फायदाच झाला. एप्रिल २००९ मध्ये नोंदणी उघडली तेव्हा दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. गाड्या कोणाला आधी द्यायच्या यासाठी सोडत काढावी लागली आणि जुलै २००९ मध्ये मुंबईत पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती आल्या.

त्यानंतर मात्र तोच शब्द उलटला. आपल्याकडे मोटार ही फक्त वाहन नसते. ती लग्नाच्या मांडवासमोर उभी राहते, पाहुण्यांना आणायला स्टेशनावर जाते, शेजारी तिच्याकडे पाहतात. स्कूटर सोडून मोटार घेणाऱ्याला 'आता आपण चार पायऱ्या वर आलो' असे वाटायला हवे असते. त्याच्या दारात उभी राहणारी गाडी मात्र 'सर्वांत स्वस्त' म्हणून गावभर ठाऊक होती. मग तिचा एकच वायपर, एकच बाहेरचा आरसा, मागून न उघडणारी डिकी आणि चाकाला तीनच नट यांकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. काटकसरीची हुशारी म्हणून जे वाखाणले जाऊ शकले असते, ते कंजुषी म्हणून मोजले गेले. नावडतीचे मीठ अळणी, ते असे.

सगळा दोष ठशावर टाकणे बरोबर होणार नाही. सिंगूरचा कारखाना ऑक्टोबर २००८ मध्ये सोडावा लागला, गुजरातेत साणंद येथे नवा उभारावा लागला, त्यात मोलाचा काळ गेला. काही गाड्यांना आग लागल्याच्या घटना घडल्या आणि २०१० मध्ये कंपनीने सुरक्षेचे जादा भाग मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली. परंतु 'स्वस्त' हा शब्द आधीच बसलेला असल्यामुळे प्रत्येक बातमी त्याच खुंटीवर टांगली गेली. "एवढ्या पैशात आणखी काय मिळणार?" असे लोक म्हणाले. नोव्हेंबर २०१० मध्ये महिन्याची विक्री अवघी ५०९ वर आली. सर्वांत चांगले वर्ष २०११-१२ चे ठरले, त्यातही विक्री ७४,५२७ होती. साणंदच्या कारखान्याची ताकद वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतातील पाच लहान गाड्या धडकवून तपासल्या : नॅनो, अल्टो ८००, आय-टेन, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. फिगो व पोलोचा सांगाडा इतरांपेक्षा मजबूत निघाला हे खरे, पण शून्याचा शेरा सर्वांनाच होता. तरी चहाच्या टपरीवर 'पत्र्याचा डबा' म्हणून नाव एकट्या नॅनोचेच निघत राहिले. पुढे २०१४ साली तिला पॉवर स्टिअरिंग आले, २०१५ साली मागचे दार उघडू लागले. गाडी सुधारली, मत सुधारले नाही. २०१८ मध्ये उत्पादन थांबल्यातच जमा झाले. 'सर्वांत स्वस्त' ही ओळख गाडीला नडली, हे रतन टाटा यांनीही पुढे जाहीरपणे मान्य केले होते.

आता त्याच घराण्याचे दुसरे वाहन पाहा. मे २००५ मध्ये टाटांनी 'एस' हा छोटा टेम्पो बाजारात आणला. त्यातही दोनच सिलिंडरचे, ७०२ सीसीचे डिझेल इंजिन होते आणि किंमतही लहान धंदेवाल्याला झेपेल अशीच होती. पण लोकांत त्याचे नाव रूढ झाले 'छोटा हत्ती'. आकार लहान, पण ओढायला हत्ती! शब्दाने ताकद दाखवली, किंमत मागे राहिली. नाक्यावर छोटा हत्ती उभा करताना कोणा कारागिराला कमीपणा वाटल्याचे आम्ही पाहिलेले नाही. स्वस्तपणा दोघांतही होता. फरक पहिल्या शब्दाचा होता, आणि घेणारा ते वाहन मिरवायला नेतो की कमवायला, याचाही होता.

बिघडलेला ठसा सुधारतो का?

सुधारतो, पण महागात पडतो. टेल्को (२००३ पासून टाटा मोटर्स) ही ट्रक बनवणारी कंपनी. तिने १९९८ च्या डिसेंबरात पुण्यात तयार झालेली इंडिका बाजारात आणली. नोंदणीला तुफान गर्दी झाली. परंतु पहिल्या गाड्यांच्या बांधणीबद्दल तक्रारी येऊ लागल्या आणि "ट्रकवाल्यांनी कार बनवली तर अशीच होणार," हे मत पसरायला वेळ लागला नाही. येथे कंपनीने एक शहाणपणाचे काम केले. वाद न घालता ग्राहकांच्या गाड्यांतील भाग बदलून दिले, गाडीत सुधारणा केल्या आणि २००१ साली तिला 'इंडिका व्ही-टू' या नव्या नावाने पुन्हा लोकांपुढे उभे केले. नवे नाव दिल्यामुळे लोकांना जुने मत बाजूला ठेवायला निमित्त मिळाले. गाडी खरोखर सुधारलेली असल्यामुळे नवे मत टिकले. गाडीत सुधारणा न करता नुसते नाव बदलले असते तर ते जुन्या कापडाला नवी कांजी दिल्यासारखे झाले असते.

पुढे भाड्याच्या गाडीवाल्यांत इंडिका इतकी चालली की 'टॅक्सीची गाडी' हा दुसरा ठसा तिच्यावर बसला. घरासाठी गाडी घेणारे त्यामुळे बिचकू लागले. वास्तविक टॅक्सीवाला पैशाला पैसा जोडणारा असतो. त्याने निवडलेली गाडी म्हणजे टिकाऊपणाची साक्षच म्हणायला हवी. पण ठसा साक्ष तपासत नाही.

एकच गाडी, दोन देश, दोन मते

स्कोडा ही चेक देशातील जुनी कंपनी. ब्रिटनमध्ये एकेकाळी तिच्या गाड्या म्हणजे थट्टेचा विषय होता. तिच्यावर विनोद रचले जात. १९९१ पासून जर्मनीच्या फोक्सवॅगनने तिच्यात भांडवल घातले, गाड्या पूर्ण बदलल्या, तरी तेथील लोकांच्या डोक्यातील विनोद जायला बरीच वर्षे लागली. हीच कंपनी २००१ साली आपल्याकडे आली आणि तेव्हाच्या औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे ऑक्टाव्हिया जोडू लागली. दहा लाखांच्या आसपासची ही मोटार डॉक्टर, बिल्डर, बडे व्यापारी यांच्याकडे दिसू लागली. आपल्या लोकांनी ते विनोद ऐकलेलेच नव्हते. त्यामुळे 'स्कोडा' म्हणजे श्रीमंताची भक्कम गाडी, असा ठसा येथे बसला.

यातून एक गोष्ट सिद्ध होते. आपले मत गाडीत नसते. आपण ती प्रथम कोणाच्या दारात पाहिली आणि तिच्याविषयी प्रथम काय ऐकले, त्यात ते असते. म्हणून "सगळेच असे म्हणतात" हा पुरावा धरू नये. सगळ्यांनी ते एकाच माणसाकडून ऐकलेले असू शकते.

जुने वाहन घेताना

आपल्यापैकी बहुतेकांची पहिली गाडी वापरलेली असते, आणि पहिल्या नजरेचा सर्वांत मोठा धोका तेथेच आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे साधे आहे. गाडीचा ऐब विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नाही. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब गाड्या उरतात. अशा बाजारात पॉलिश, सुगंधी फवारा आणि नवे सीटकव्हर यांवर भुलणारा माणूस हमखास फसतो.

आमच्या भागात आणखी एक भर आहे. पावसाळ्यात तुळिंज रोडवर पाणी साचणे येथील रहिवाशांना नवे नाही. जुलै २०१८ च्या पावसात तर नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या होत्या. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून दिवाळीपर्यंत विक्रीला येतात आणि पहिल्या नजरेला नव्यासारख्या दिसतात. म्हणून पुढील क्रम पाळावा, असे आम्ही सुचवतो :

१. घरून निघण्यापूर्वी आपली गरज आणि कमाल रक्कम कागदावर लिहा. गाडीसमोर उभे राहून रक्कम ठरवू नका.

२. विकणाऱ्याला गुण विचारण्याआधी ऐब विचारा. गुण तो न विचारता सांगणारच आहे. जे प्रथम ऐकाल त्याचा ठसा बसतो, म्हणून ऐब प्रथम ऐका.

३. गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहा. ओल्या पत्र्यावर पोचे आणि रंगातील फरक दिसत नाहीत.

४. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून पाहा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन खरे बोलत नाही.

५. पायाखालचा गालिचा उचला, सीटखालचे बोल्ट पाहा, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. तेथे गाळाची रेघ, गंज किंवा कुबट वास असेल तर गाडी पाण्यात गेलेली असू शकते.

६. चासिस व इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घ्या. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० सह्यांनिशी घ्या. थकलेले चलान आणि विम्याची मुदत तपासा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, तेही वय पाहताना धरा.

७. मिस्त्री आपला न्या आणि त्याची मजुरी आपण द्या. विकणाऱ्याने आणलेला मिस्त्री विकणाऱ्याचेच बोलतो.

८. त्याच दिवशी बयाणा देऊ नका. एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. "दुसरे गिऱ्हाईक येते आहे" असे सांगून घाई करणारा माणूस तुमची दुसरी नजर टाळू पाहतो आहे, असे समजावे.

हा क्रम दोन्हीकडून उपयोगी पडतो. पहिल्या नजरेला आवडलेली खराब गाडी त्याने टळते. तसेच रंग उडालेली, पण इंजिनाने निरोगी गाडी कमी भावात हाती लागते. जेथे सगळे वरचा रंग पाहून भाव करतात, तेथे आत पाहणाऱ्याचा नफा असतो.

आपला माल, आपले नाव

मोटारीच्या या चर्चेत आपल्या दुकानाचा आणि गाळ्याचा धडा दडलेला आहे. नवा कारागीर बाजारात उतरला की पहिले वाक्य बोलतो, "आमच्याकडे सगळ्यांत स्वस्त." नॅनोचा इतिहास वाचल्यावर हे वाक्य तोंडातून काढताना त्याने थांबावे. आपल्या बाजारात म्हण आहेच, सस्ता रोये बार बार, महंगा रोये एक बार. गिऱ्हाइकाच्या मनात स्वस्त या शब्दाला हे रडणे चिकटलेले असते. भाव वाजवी अवश्य ठेवा, पण ओळख करून देताना मालाचा खरा गुण आधी सांगा : टाका पक्का आहे, रंग उतरत नाही, कापड आटत नाही, वेळेवर मिळेल. यांपैकी जे खरे असेल तेवढेच सांगा. भाव दुसऱ्या वाक्यात आला तरी तो ऐकला जातो.

नमुना एक आणि माल दुसरा, हा प्रकार तर धंद्याच्या मुळावरच घाव घालतो. पहिली डिलिव्हरी ही नमुन्याहून काकणभर सरस असावी, कारण पुढची दहा बंडले तिच्या नावावर खपतात. तक्रार आली तर इंडिकाचे उदाहरण आठवावे. हुज्जत न घालता माल बदलून द्यावा, दोष दुरुस्त करावा, आणि दुरुस्त केल्याचे सांगावेही. एक बदललेले ठाण हा खर्च दिसतो. खरे तर ती बिघडू पाहणाऱ्या मताची वेळीच केलेली मलमपट्टी असते.

आणि थॉर्नडाइकने तपासलेली ती गुणपत्रिका मोटारींची नव्हती, माणसांची होती, हेही विसरू नये. वस्तीचे नाव, पेहराव, बोलण्याची धाटणी यांवरून आपल्याविषयी मत बनवणारे लोक आपल्याला भेटतात आणि त्याचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. भाड्याने गाळा मागताना किंवा उधारीवर सूत मागताना समोरच्याची पहिली नजर आपण झेललेली असते. मग आपल्याकडे काम मागायला आलेल्या परगावच्या पोराला त्याच्या चपलांवरून मोजणे आपण सोडले पाहिजे. त्याला चार दिवस मशीनवर बसवा आणि मग बोला.

पहिला ठसा बसणे कोणी थांबवू शकत नाही, डोळे उघडे आहेत तोवर तो बसणारच. पण त्यावर लगेच सही करण्याची सक्ती कोणी केलेली नाही. कापड घेताना आपण जे करतो, तेच मोटार घेताना, माणूस निवडताना आणि मत देताना करावे. कोपरा ओला करून पाहावा, वाळू द्यावा, आणि मगच ठाण उचलावे.